वजनाच्या ऑपरेशननंतर काय, किती आणि कोणत्या क्रमाने खायचं: कोकणातल्या घरासाठी

वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याच्या ऑपरेशननंतर घरी सोडताना हातात एक छापील तक्ता देतात. त्यात ओट्स असतात, टोस्ट असतो, ब्रोकोलीचं सूप असतं. घरी आल्यावर तक्ता फ्रिजला चिकटतो आणि गॅसवर चढते पेज. पेजेनंतर शहाळं, शहाळ्यानंतर सार, मग ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून दोन घास मऊ भात. तीन आठवड्यांनी माणूस सुकलेला दिसतो, चक्कर येते, आणि सगळे म्हणतात की ऑपरेशन बाधलं. बाधलेलं नसतं. दिवसभरात प्रोटीन जेमतेम १५ ग्रॅम गेलेलं असतं, एवढंच.

आपल्या जेवणाची घडणच अशी आहे की खाणं आणि पिणं एकत्र चालतं. भातावर कालवण, मग सारात कालवलेला भात, शेवटी सोलकढीचा पेला. लहान केलेल्या जठराला नेमकं हेच सोसत नाही. पातळाबरोबर गेलेला भात तिथे थांबत नाही, सरळ खाली उतरतो. पोट भरल्यासारखं वाटत नाही, तासाभराने पुन्हा भूक लागते, आणि मासा किंवा उसळ मात्र ताटात तशीच राहते. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात दोनच नियम फिरून फिरून येतील: प्रोटीन आधी, आणि पाणी जेवणापासून वेगळं.

या ऑपरेशनचे नेहमीचे प्रकार दोन: स्लीव्ह आणि गॅस्ट्रिक बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. उरलेल्या नळीत सुरुवातीला साधारण १०० ते १५० मि.ली. मावतं. नेहमीच्या बायपासमध्ये वरची पिशवी जेमतेम ३० मि.ली.ची असते आणि अन्न आतड्याचा पहिला भाग चुकवून पुढे जातं, म्हणून लोह, कॅल्शियम आणि बी-१२ कमी शोषलं जातं. खाली दिलेले दिवस आणि मापं सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने किंवा डाएटिशियनने वेगळं लिहून दिलं असेल तर त्यांचा कागद खरा.

तयारी: घरी येण्याआधी

ऑपरेशन मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात आणि घर गुहागर, राजापूर नाहीतर वेंगुर्ल्याला, अशी बहुतेकांची स्थिती. काही राहिलं तर पुन्हा तेवढ्यासाठी जाणं होत नाही. हे सामान आधीच आणून ठेवा:

१. औषधाच्या बाटलीवर येणारा ५, १०, १५ मि.ली.च्या खुणांचा कप. पहिले दोन आठवडे पेला वापरायचाच नाही.

२. घरातली सर्वांत लहान वाटी. तिच्यात पाणी मोजून ओता. साधारण १५० मि.ली. मावत असेल तर तीच तुमची मापाची वाटी. मोठा वाडगा दिसेनासा करा.

३. बारीक जाळीची गाळणी आणि चटणीचं लहान भांडं असलेला मिक्सर. मोठ्या भांड्यात १०० मि.ली. पदार्थ घोटला जात नाही, पात्यांखाली चिकटून बसतो.

४. व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर), शक्यतो आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेलं. दूध पचत नसेल तर सोया किंवा वाटाण्याचं. डब्यावर ‘प्रत्येक स्कूपमधलं (डब्यातल्या मापाच्या चमच्यातलं) प्रोटीन’ वाचा; २० ते २५ ग्रॅम हवं. साखर ३ ग्रॅमच्या वर असेल तर परत ठेवा. आपल्या दमट हवेत पावडर चार दिवसांत खडे धरते, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा आणि चमचा कोरडा.

५. स्वयंपाकघराचा डिजिटल काटा. माशाचा ‘एक तुकडा’ म्हणजे ३० ग्रॅमही असतो आणि ९० ग्रॅमही.

६. सर्जनने लिहिलेल्या गोळ्या, किमान दोन महिन्यांच्या.

आणखी एक काम सामानाआधीचं. डायबेटिस किंवा ब्लडप्रेशरच्या जुन्या गोळ्या कोणत्या बंद, कोणत्या अर्ध्या, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. ऑपरेशननंतर खाणं एकदम घटतं आणि साखर पटकन उतरते. जुना इन्शुलिनचा डोस तसाच चालू ठेवला तर रात्री घाम फुटून बेशुद्ध पडण्याची वेळ येते. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या बीपीच्या गोळ्यांचंही तेच. अंगात पाणीच नसताना त्या घेतल्या की उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी.

टप्पा १: पहिले दोन-तीन दिवस, फक्त गाळीव पातळ

हे दिवस बहुधा दवाखान्यातच जातात. पाणी, गाळलेलं पातळ ताक, डाळीवरचं निवळ पाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, शहाळ्याचं पाणी. मापाच्या कपाने दर १५ मिनिटांनी ३० मि.ली., तेही दोन-तीन घोटांत. तहान लागण्याची वाट पाहू नका. भूल आणि औषधांमुळे या दिवसांत तहान नीट कळत नाही.

स्ट्रॉ नको, सोडा नको. स्ट्रॉने हवा जाते आणि पोटात कळ येते. शहाळ्याला स्ट्रॉ लावून प्यायची सवय असते, म्हणून पाणी आधी भांड्यात काढून घ्या. दिवसाला एका शहाळ्याच्या वर जाऊ नका. त्यात पोटॅशियम चांगलं असतं, प्रोटीन जवळजवळ नसतं, आणि पिशवीतली जागा मात्र ते अडवतं. किडनीचा त्रास असेल तर शहाळं विचारल्याशिवाय नको.

कोकमाचं आगळ आंबट असतं. पहिले दोन आठवडे ते बाजूला ठेवलेलं बरं, ओल्या जखमेवर आंबट कशाला?

तपासा: दवाखाना सोडताना २४ तासांत किमान १ लिटर पातळ पोटात राहिलं का? राहिलं नसेल तर गाडीत बसण्याआधी डॉक्टरांना सांगा. महामार्गावरच्या सात-आठ तासांच्या प्रवासात ते भरून निघत नाही. वाटेत दर तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला, नाहीतर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

टप्पा २: चौदाव्या दिवसापर्यंत, दाटसर पातळ

सर्वांत जास्त गोंधळ याच टप्प्यात होतो, कारण ‘पातळ’ या शब्दात आपल्याकडे काहीही बसतं. पेज पातळ, आमरस पातळ, रव्याची खीर पातळ. इथे पातळ म्हणजे चहाच्या गाळणीतून न दाबता खाली जाईल असं, आणि शक्यतो ज्यात प्रोटीन आहे असं.

पेज अजिबात वर्ज्य नाही, पण तिचं माप आणि जागा बदलते. ३० ग्रॅम उकड्या तांदळाच्या पेजेत प्रोटीन दोन-अडीच ग्रॅम असतं. तीच पेज मऊ शिजवून, घोटून, गाळून घ्या आणि कोमट झाल्यावर तिच्यात अर्धा स्कूप बिनचवीचं व्हे मिसळा. १२ ग्रॅमची भर पडते. उकळत्या पेजेत पावडर टाकली तर तिच्या गुठळ्या होतात, फाटलेल्या दुधासारखं दिसतं आणि घरात कुणी पुन्हा करायला धजत नाही. आधी पावडर दोन चमचे थंड पाण्यात कालवायची, मग ते पेजेत ओतायचं. चवीला मीठ, बाजूला लोणच्याची फोड नको.

एका दिवसाची आखणी साधारण अशी:

१. उठल्यावर अर्ध्या तासात ६० मि.ली. कोमट पाणी.

२. सकाळी ८: १०० मि.ली. साय काढलेल्या दुधात अर्धा स्कूप व्हे. हे अर्ध्या तासात संपवायचं, एका दमात नाही.

३. ११: मुगाच्या डाळीचं घोटून गाळलेलं वरण, १०० मि.ली. हिंग-हळद चालेल, मिरची आणि ओल्या खोबऱ्याचं वाटप नको.

४. दुपारी १: गाळलेली पेज आणि अर्धा स्कूप व्हे.

५. ४: दुधात अर्धा स्कूप.

६. संध्याकाळी ७: गाळलेलं चिकन किंवा माशाचं सूप, शाकाहारींना पुन्हा डाळ.

७. ९: दुधात अर्धा स्कूप.

यांच्यामधल्या वेळेत घोट घोट पाणी. चार वेळचा अर्धा स्कूप म्हणजे ४८ ग्रॅम, दूध आणि डाळीतून आणखी १२-१५. दिवसाचं उद्दिष्ट ६० ते ८० ग्रॅम, तेव्हा खालची पायरी गाठली जाते. पावडरीशिवाय या टप्प्यात ती गाठणं अवघड आहे. ‘घरचं अन्न चांगलं, डब्यातली पावडर नको’ असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवा. चौथ्या-पाचव्या महिन्यात पावडर कमी करता येते, आत्ता नाही.

सावध: दुसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागतं, टाके दुखत नाहीत, आणि कुणीतरी म्हणतं, एक इडली खाऊन बघ. नको. बाहेरची छिद्रं भरली म्हणजे आतली स्टेपलची रेघ, म्हणजे जठर कापून जोडलेली जागा, भरली असं नाही.

तपासा: लघवी दिवसातून चार-पाच वेळा आणि फिकट पिवळी होते का? गडद होत असेल तर पाणी कमी पडतंय. मे किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात किनाऱ्यावर घामानेच बरंच पाणी जातं. १.५ ते २ लिटरचं उद्दिष्ट या दिवसांत वरच्या बाजूलाच ठेवा आणि ऑपरेशनची तारीख निवडता येत असेल तर मे टाळा.

टप्पा ३: तिसरा आणि चौथा आठवडा, घोटलेलं अन्न

पोत असा हवा की चमचा उलटा केला तर पदार्थ हळू सरकत खाली यावा. दाणा, रेषा, साल, काटा काही नाही. एका वेळी चार ते सहा लहान चमचे, २० मिनिटांत.

कुळथाची पिठी या टप्प्यावर खऱ्या अर्थाने कामाला येते. २० ग्रॅम कुळथाच्या पिठात साधारण ४ ग्रॅम प्रोटीन असतं. गाठी होऊ न देता, कमी तेलाच्या फोडणीत, लसूण ठेचून नाही तर अख्खी टाकून नंतर काढून घ्या. मिरची घालू नका. गॅस धरत असेल तर पहिल्या दिवशी तीनच चमचे.

मासा सुरू करायचा तर कमी काट्याचा आणि मऊ: पापलेट, सुरमईचा मधला भाग, मुडदुशी. पद्धत:

१. ५० ग्रॅम मासा हळद-मीठ लावून वाफवा. तळायचा नाही, रव्यात घोळवायचा नाही.

२. गार झाल्यावर कातडी काढा आणि मांस बोटांनी चुरून पांढऱ्या ताटलीत पसरा. पांढऱ्यावर काटा दिसत नाही म्हणून काहीजण स्टीलचं ताट घेतात. तेही चालेल, फक्त उजेडात बसा. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा.

३. दोन चमचे डाळीचं पाणी घालून चटणीच्या भांड्यात फिरवा.

४. पुन्हा एकदा बोटांनी चाचपा. मगच खा.

बांगडा आणि तारली पौष्टिक खरे, पण बारीक काट्यांमुळे ते सातव्या-आठव्या आठवड्यानंतर. ओला बोंबील मऊ असतो म्हणून लोक तो आधी देतात. चालतो, पण त्यात पाणीच जास्त. पापलेटाइतकं प्रोटीन त्यातून मिळेल असं धरू नका. तिसऱ्या, कालवं, माकुल आत्ता नकोच. शिजल्यावर ती रबरासारखी होतात आणि मिक्सरमध्येही चिवट कण राहतात.

याशिवाय एक अंडं मऊ शिजवून दुधात घोटलेलं (६ ग्रॅम), टांगून पाणी काढलेल्या दह्याचा बिनसाखरेचा चक्का (६० ग्रॅममध्ये साधारण ५ ग्रॅम), आणि दोन वेळा दुधातला अर्धा स्कूप. अंडं, चक्का, मासा, पिठी आणि दोन वेळची पावडर मिळून हिशेब ५५ ते ६० ग्रॅमपर्यंत पोचतो.

पाण्याचा नियम इथून कडक: जेवणाच्या १५ मिनिटं आधी पाणी थांबवा, जेवताना नाही, आणि जेवणानंतर ३० मिनिटं नाही. मोबाइलचा अलार्म लावा. घासागणिक पाण्याचा घोट घ्यायची सवय असलेल्यांना पहिले आठ दिवस हे जड जातं. तांब्या-भांडं जेवायच्या जागी ठेवूच नये हा साधा उपाय.

टप्पा ४: पाचवा ते आठवा आठवडा, मऊ अन्न

आता चावणं सुरू. काट्याने किंवा बोटाने दाबलं की चुरा होईल ते सगळं चालतं: वाफवलेला मासा, घोटलेल्या वालाचं बिरडं, मऊ पनीर, अंड्याची भुर्जी, दुधी, लाल भोपळा, पडवळ, मऊ शिजलेली मुगाची उसळ. अर्धी वाटी, २० ते ३० मिनिटं, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून. घास नखाएवढा. लहान मुलाचा चमचा वापरला की घास आपोआप लहान होतो.

भात आणि भाकरी इथे अडतात. मऊ भात जिभेवर विरघळल्यासारखा वाटतो, पण पिशवीच्या तोंडाशी त्याचा चिकट गोळा बसतो. तांदळाच्या भाकरीची कडा, पाव, घावणे यांचंही तसंच. घास अडकल्याची खूण ओळखून ठेवा: छातीच्या मध्यावर दाब, तोंडाला सुटलेलं पाणी, नाक गळणं, आणि मग फेसाळ उलटी. अशा वेळी पाणी पिऊन घास ढकलायला जाऊ नका. वर पाणी आणि खाली गोळा, उलटी जोरात होते. खाणं थांबवा, उभे राहा, अंगणात हळू चाला. बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतं. त्यानंतर २४ तास टप्पा २ वर परत.

भात सुरू करायचा तर आठव्या आठवड्याच्या सुमारास, दोन चमचे, मोकळा, आणि मासा किंवा डाळ संपल्यावर. उकडा तांदूळ त्या मानाने मोकळा राहतो. आंबोळी दुधात किंवा रश्शात भिजवून ‘मऊ’ करणं म्हणजे पुन्हा पातळ-घट्ट एकत्र, ते नको.

सावध: चहात बुडवलेली खारी, बिस्किट, टोस्ट. ही विरघळून सरळ उतरतात, पोट भरतच नाही, आणि दिवसातून चार वेळा सहज जातात. सहा महिन्यांनी वजन थांबलं की माणूस ताटात दोष शोधतो. दोष बशीत असतो.

टप्पा ५: दोन महिन्यांनंतरचं ताट

ताटाऐवजी नाश्त्याची बशी घ्या. वाढण्याचा क्रम बदला आणि खाण्याचाही:

१. आधी प्रोटीन. दुपारी ६० ते ७० ग्रॅम मासा किंवा चिकन (१३ ते १६ ग्रॅम), नाहीतर पनीर ६० ग्रॅम (साधारण ११ ग्रॅम). कालवणातला तुकडा काढून घ्या, रस्सा भांड्यातच राहू दे. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असेल तर टरफल निवडून टाका.

२. मग भाजी, दोन-तीन चमचे.

३. जागा उरली तर भात किंवा चतकोर भाकरी. उरली नाही तर तशीच राहू द्या. ‘भाताशिवाय जेवण कसलं’ ही अडचण पोटाची नाही.

४. फुटी कढी, ताक किंवा सार हवं असेल तर जेवणानंतर तासाभराने, वेगळं. नारळाच्या दुधाची सोलकढी आठवड्यातून एखादा लहान पेला. तिच्यात चरबी भरपूर आणि प्रोटीन नावाला.

सहा महिन्यांनी एका वेळी सुमारे एक वाटी, वर्षाने एक ते दीड वाटी एवढं मावतं. तीन जेवणं आणि एक-दोन प्रोटीनची छोटी खाणी. मधल्या वेळी काजूची बरणी उघडी राहिली की हिशेब कोसळतो. ३० ग्रॅम काजू म्हणजे सुमारे १७० कॅलरी आणि ते पिशवीत फार जागाही घेत नाहीत. दहा काजू मोजून घ्या आणि बरणी बंद करा.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. ढेकर किंवा उचकी येणं, नाक गळणं, छातीखाली जडपणा. ती आली की घास खाली ठेवा, बशीत काही उरलं तरी. अन्न वाया जाण्याची रुखरुख असेल तर आधीच कमी वाढून घ्या.

फणस, अननस, शेवग्याची शेंग, ओल्या खोबऱ्याचा चोथा यांतले तंतू अडकतात. शेंगेचा गर काढून घ्या. फणसाचे दोन गरे, तेही नीट चावून, तीन महिन्यांनंतर.

*शिवराक (शाकाहारी) दिवस आणि श्रावण*

सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि मग सबंध श्रावण. माशावर हिशेब बसवलेल्या माणसाचं प्रोटीन या दिवशी एकदम अर्ध्यावर येतं आणि त्याच्या लक्षातही येत नाही. त्या दिवसांचा तक्ता वेगळा लिहा: सकाळी चक्का, दुपारी पनीर किंवा सोया (कोरड्या सोया चंकच्या २० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रोटीन, नीट भिजवून, पिळून, बारीक करून), संध्याकाळी काळ्या वाटाण्याची किंवा कुळथाची उसळ, झोपताना दुधातली पावडर. काळा वाटाणा रात्रभर भिजवून बोटाने सहज चिरडेल इतका शिजवा; वरचं साल कडक राहिलं तर अर्धं वाटून घ्या.

उपास पहिलं वर्षभर करू नये. साबुदाणा आणि वरई हे मुख्यतः पिष्ट पदार्थ, आणि साबुदाणा तर गोळा धरून बसतोच. देवघरातल्या माणसांना हे पटवताना औषधाचं कारण पुढे करा. पथ्य म्हटलं की सहसा कुणी वाद घालत नाही.

*जून-जुलै*

या दोन महिन्यांत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. बाजारात मिळतो तो बर्फातला किंवा खाडीचा मासा, आणि भाव चढलेले. अंडी, चिकन, पनीर यांच्यावर भागवा. सुका जवळा उत्तम, पण त्यात वाळू आणि मीठ असतं. तो पाखडून, दोन पाण्यांत धुऊन, कोरडा भाजून मिक्सरला पूड करा आणि एक-दोन चमचे भाजीवर घाला. सोडे चिवट असतात. रात्रभर भिजवून बारीक चिरल्याशिवाय नकोत. वादळी रात्री वीज जाते तेव्हा पनीर-दूध नासतं, म्हणून सोया आणि पावडर घरात असू द्या.

*आंबा आणि मोदक*

हापूसच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४-१५ ग्रॅम साखर असते. आमरसाची वाटी म्हणजे तीच साखर, चावण्याचा अडसरही न ठेवता. बायपास झालेल्यांना यातून डम्पिंग होतं: खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात पिळवटून जुलाब, किंवा एक ते तीन तासांनी साखर उतरून हात थरथरणं. स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. तीन महिन्यांनंतर दोन फोडी, जेवणातलं प्रोटीन संपल्यावर. मोदकाचंही असंच: अर्धा, जेवणानंतर, तुपाची धार न सोडता, आणि पहिल्यांदा खाताना घरीच. पाहुण्यांच्या घरी आरतीनंतर पहिला प्रयोग करू नका. आंबापोळी आणि फणसपोळी चिकट आणि गोड दोन्ही. त्या टाळलेल्या बऱ्या.

दारू निदान पहिलं वर्ष नाही. बायपासनंतर ती फार लवकर चढते. सिगारेट आणि तंबाखू कधीच नाही; जठर आणि आतड्याच्या जोडावर व्रण होतो.

गोळ्या: आयुष्यभर, आणि वेळ पाळून

१. मल्टिव्हिटॅमिन रोज. पहिले काही आठवडे चघळायची किंवा पातळ.

२. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मि.ग्रॅ., एका वेळी ५०० च्या वर नाही. ‘सायट्रेट’ मागा. दुकानात पुढे येतं ते अनेकदा कार्बोनेट असतं आणि त्याला पचायला जठरातलं आम्ल लागतं, जे आता कमी आहे.

३. लोह कॅल्शियमपासून दोन तास लांब. चहापासूनही तेवढंच, चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी जवळपास वाया जाते. मासिक पाळी चालू असलेल्या बायकांना आणि बायपासवाल्यांना ४५ ते ६० मि.ग्रॅ. लागतं.

४. बी-१२: रोजची गोळी किंवा महिन्याचं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन.

५. व्हिटॅमिन डी-३, तपासणीप्रमाणे. रोज उन्हात फिरतो म्हणून ते पुरेसं असेल असं धरू नका.

सोपं वेळापत्रक: सकाळी नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, ११ ला कॅल्शियम, ४ ला कॅल्शियम, ७ ला कॅल्शियम, रात्री झोपताना लोह लिंबाच्या दोन थेंबांच्या पाण्याबरोबर. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असेल तर तीही कॅल्शियमपासून लांब, म्हणून मधलं अंतर मोडू नका.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. तेल बदलून उपयोग नाही. रोजच्या प्रोटीनचा हिशेब पाहा आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. रक्ततपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, पुढे दरवर्षी. पहिल्या १२ ते १८ महिन्यांत गरोदरपण टाळा.

बिघडलं तर

लगेच मोठ्या दवाखान्यात, सकाळची वाट न पाहता: नाडी १२० च्या वर टिकून राहणं, ताप १००.४ च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, एका पायाच्या पोटरीला सूज. पहिल्या काही आठवड्यांत ही आतून गळती होत असल्याची किंवा रक्ताची गाठ झाल्याची लक्षणं असू शकतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा खात बसू नका.

२४ तास पाणीही पोटात ठरत नसेल तरी तेच. सतत उलट्यांनी व्हिटॅमिन बी-१ (थायमिन) संपतं आणि नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, झोकांड्या, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची चिन्हं. गावातल्या डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचित येतात, त्यामुळे आपणच सांगावं लागतं. जाड कागदावर हे लिहून पाकिटात ठेवा, घरच्यांनाही दाखवून ठेवा:

• ऑपरेशन कोणतं, कोणत्या तारखेला.
• सर्जनचा नंबर.
• डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं नकोत. दुखलं तर पॅरासिटामॉल.
• ग्लुकोजच्या आधी बी-१ चं इंजेक्शन.
• नाकातून पोटात नळी सर्जनला विचारल्याशिवाय घालू नये.